सेट कुठाय?

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसातून थेट नाटकाला. छोटासा हॉल, शंभर-सव्वाशे खुर्च्या, बाहेर कटिंग चहा आणि हॅण्डलूमच्या कुर्त्यांची गर्दी. बरोबर माझी एक कलीग; तिच्या आणि माझ्या क्युबिकलमधलं पार्टिशन एकच. तिसरी घंटा झाली, दिवे गेले, दिवे आले. रंगमंचावर एक शिडी, दोन लाकडी ठोकळे आणि मागे हॉलची उघडीबोडकी भिंत. भिंतीवरचा स्विचबोर्डसुद्धा दिसतोय.

ती कानाशी कुजबुजली, "सेट कुठाय?"

"हाच."

"बजेट नाही का रे यांच्याकडे?"

खरं सांगायचं तर बजेट नव्हतंच. प्रायोगिकवाल्यांकडे ते कधी असतं? पण कुणी कोरा चेक फाडून दिला असता, तरी या मंडळींनी तिथे सोफासेट, टेलिफोनचं स्टॅण्ड आणि माडीवर जाणारा जिना लावला नसता. का नसता लावला, ते तिला इंटरव्हलमध्ये सांगू म्हटलं, तर अशा नाटकांना इंटरव्हलही नसतो! मग पुढचे काही दिवस कॅण्टीनमध्ये, लिफ्टमध्ये, घरी जाताना कॅबमध्ये असं तुकड्या-तुकड्यांत सांगत राहिलो. ते तुकडे जोडले की भलतीच इंटरेस्टिंग गोष्ट तयार होते. आणि गंमत म्हणजे ती सुरू होते एका नोकरदार माणसापासून.

आंद्रे आंत्वान हा पॅरिसच्या गॅस कंपनीतला कारकून. दिवसा नोकरी, रात्री तालीम. १८८७ मध्ये त्याने स्वतःची नाट्यसंस्था काढली आणि पहिल्या प्रयोगाला आईच्या घरातलं फर्निचर हातगाडीवर लादून आणलं. कॉलेजच्या एकांकिकेसाठी ज्यांनी घरची खुर्ची पळवली असेल, त्यांनी या माणसाला मनातल्या मनात सलाम ठोकायला हरकत नाही. त्याचा फंडा सरळ होता : स्टेजवर जे दिसेल ते खरं पाहिजे. एक भिंत काढून टाकलेली खरीखुरी खोली, खरी भांडी, खरा पसारा. १८८८ मध्ये एका नाटकात खाटकाचं दुकान होतं, तर पठ्ठ्याने स्टेजवर खऱ्या मांसाची धडं टांगली.

आता बोला! याच्यापुढे आणखी खरं काय आणणार?

तो रस्ता तिथे जवळजवळ संपत होता. आणि त्याच सुमाराला त्याच शहरात, चित्रकारांच्या स्टुडिओंमध्ये, वारं बरोबर उलट्या दिशेने वाहत होतं. कॅमेरा येऊन पन्नास वर्षं उलटली होती. हुबेहूब चेहरा हवा असेल तर लोक फोटोग्राफरकडे जात. मग चित्रकाराने करायचं काय? मॉरिस देनी नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराने १८९० मध्ये याचं उत्तर लिहून टाकलं. त्याचा मथितार्थ असा, की चित्रात घोडा असो, बाई असो की आणखी काही, त्याआधी ते चित्र म्हणजे एक सपाट पृष्ठभाग असतो आणि त्यावर विशिष्ट पद्धतीने रंग लावलेले असतात. बस्स. आज हे वाचून 'त्यात काय एवढं' वाटतं. पण हेच वाक्य जरा नाटकाला लावून बघा. स्टेज म्हणजे कुणाची बैठकीची खोली नव्हे. आधी तो एक रिकामा लाकडी चौथरा आहे आणि त्यावर काही माणसं उभी आहेत. संपला की सोफासेट!

आणि हे लावून बघायला फार वेळ लागला नाही. देनीच्याच कंपूतल्या मित्रांनी ते काम केलं.

१० डिसेंबर १८९६. पॅरिस. नाटक 'उबू रोआ', म्हणजे 'राजा उबू'. नाटककार आल्फ्रेद जारी, वय वर्षं तेवीस. नाटकाचा मागचा पडदा रंगवायला जारीबरोबर कोण कोण होतं बघा : बोनार, व्हुईयार, सेरुझिए आणि चक्क तुलूझ-लोत्रेक. आज यांतल्या एकेकाच्या चित्राची किंमत ऐकून आपले ईएमआय लाजतील. तर या दिग्गजांनी मिळून जो पडदा रंगवला, त्याला अर्थ म्हणून नाही. एका बाजूला पलंग आणि तिथेच पडणारा बर्फ. दुसऱ्या बाजूला ताडाची झाडं आणि एका झाडाला अजगराचा विळखा. फासावर लटकणारा सांगाडा. मध्ये फायरप्लेस आणि पात्रं त्याच्यातूनच ये-जा करतायत. प्रवेश बदलला, की काळा कोट घातलेला एक म्हातारा गृहस्थ चवड्यांवर दुडुदुडु पळत यायचा आणि पुढचा प्रवेश कुठे घडतो त्याची पाटी खिळ्याला अडकवून जायचा. नाटकाचा पहिलाच शब्द शिवी, तीही एक अक्षर जास्तीचं घालून मुद्दाम बिघडवलेली. थिएटरात गदारोळ.

पण मला यातला सगळ्यात आवडणारा प्रसंग शिवीचा नाही. उबूचं काम करणाऱ्या फिर्में जेमिए या नटाने तो पुढे सांगितलाय. एका प्रवेशात कैदखान्याचं दार हवं होतं. दाराच्या जागी एक नट हात पसरून उभा राहिला. जेमिएने त्याच्या हातात किल्ली घातली, तोंडाने कुलूप उघडल्याचा आवाज काढला आणि तो हात दारासारखा बाजूला ढकलला. जेमिएच्या सांगण्यानुसार प्रेक्षकांचा पारा खरा चढला तो इथे. शिवी एकवेळ चालेल, पण माणसाला दार म्हणतो म्हणजे काय!

'घाशीराम कोतवाल' माहीत असलेल्या मराठी माणसाला मात्र यात शॉक बसण्यासारखं काही नाही. १९७२ च्या त्या नाटकात माणसांची अख्खी ओळच पडदा होते, भिंत होते. ते काही पॅरिसहून आलेलं नाही, ते आपल्या दशावतारी-खेळ्यांच्या परंपरेतून आलं. तमाशात सोंगाड्याने गोल चक्कर मारली की सातारहून मुंबई येते, आणि 'बस कुठाय' असं कुणी विचारत नाही. माझ्या कलीगच्या पणजोबांनी तो 'सेट कुठाय'वाला प्रश्न विचारलाच नसता.

मग तिला का पडला? कारण मध्ये संगीत नाटकांचा काळ होऊन गेला. आपल्याकडे चित्रकार नाटकात आले ते पडदे रंगवायला. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे भाऊ याच कामासाठी नावाजले गेले. राजवाड्याचा पडदा असा की खांबामागे जाऊन उभं राहावंसं वाटावं. लोक त्या पडद्यांवर फिदा होते आणि त्यात काही चूक नव्हतं. उत्तम कारागिरी होती ती. पुढे हेच बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळले, १९२० मध्ये त्यांनी 'सैरंध्री' काढला. हुबेहूब दाखवायची ज्याला हौस, तो सिनेमाकडे जाणारच. थोडक्यात, आपल्या चित्रकारांनी रंगभूमीवर भ्रम उभा केला आणि युरोपातल्या चित्रकारांनी तो मोडला. मला दोन्ही मंडळी प्रिय आहेत, पण विसाव्या शतकाचं नाटक घडवलं ते दुसऱ्या मंडळींनी.

आता सेंट पीटर्सबर्ग, डिसेंबर १९१३. ठिकाण लूना पार्कचं थिएटर. नाव 'सूर्यावर विजय'. शब्द क्रुचोनिखचे, संगीत मात्यूशिनचं, सेट आणि कपडे काझिमिर मालेविचचे. याला ते ऑपेरा म्हणत. आता हा 'ऑपेरा' कसा, तर गाणारे बहुतेक हौशी विद्यार्थी. तालमी जेमतेम दोन. ऑर्केस्ट्रा परवडत नाही म्हणून एक जुनाट पियानो, तोही बेसूर. (आंतरकॉलेज स्पर्धांचे दिवस आठवले ना?) कथा म्हणाल तर काही तगडे लोक आकाशातून सूर्य पकडतात आणि काँक्रीटच्या घरात कोंडून टाकतात. मग नव्या जगात सगळं उलटंसुलटं. संवादांत मध्येच असे शब्द, की ते कुठल्याच भाषेतले नाहीत. कवीने शब्दातून अर्थ काढून टाकलेला आणि चित्रकाराने चित्रातून वस्तू.

मालेविचने नटांना पुठ्ठ्याचे आणि तारांचे कपडे चढवले : त्रिकोण, शंकू, नळकांडी. त्याहून भारी काम त्याने प्रकाशाचं केलं. स्पॉटलाइट असे फिरवले, की कधी नटाचा फक्त हात उजळायचा, कधी पाय, कधी डोकं. बाकीचा माणूस अंधारात गायब. क्युबिस्ट चित्रात माणसाचे जसे तुकडे पडतात, तसे इथे जिवंत माणसाचे पडत होते. आणि मागे एका प्रवेशाला जो पडदा होता, त्यावर एक चौकोन. तो तिरक्या रेषेने कापलेला. एक भाग काळा, एक पांढरा.

तोच तो! दोन वर्षांनी, डिसेंबर १९१५ मध्ये, त्याच शहरात (तेव्हा नाव बदलून पेत्रोग्राद झालं होतं) मालेविचने प्रदर्शनात 'काळा चौकोन' लावला. पांढऱ्यावर एक काळा चौकोन, बाकी काही नाही. लावला कुठे? खोलीच्या कोपऱ्यात, वर, छताशी. रशियन घरांत त्या कोपऱ्यात देवाची तसबीर असते. आधुनिक कलेतलं हे बहुधा सगळ्यात चर्चेतलं चित्र, आणि त्याचा जन्म १९१३ सालचा, त्या नाटकातला, असं मालेविच नंतर सांगत राहिला. म्हणजे चित्रकलेने नाटकाला वळण दिलं हे खरंच, पण उधारी एकतर्फी नव्हती. चित्रकलेचं हे एवढं मोठं चित्र नाटकाच्या पडद्यामागून आलंय.

अशीच दुसरी उधारी 'सर्‌रिअल' या शब्दाची. आपण ट्रॅफिकपासून अप्रेझलपर्यंत कशालाही 'सर्‌रिअल' म्हणतो, तो शब्द कवी अपोलिनेरने १९१७ मध्ये एका बॅलेच्या माहितीपत्रकात वापरला आणि महिन्याभराने स्वतःच्या नाटकाला उपशीर्षक म्हणून लावला. म्हणजे शब्द आधी थिएटरात आला, चित्रांच्या गॅलरीत नंतर पोचला. हा बॅले 'पराद'. १८ मे १९१७, पॅरिस, पहिलं महायुद्ध ऐन भरात. कल्पना कॉक्तोची, संगीत एरिक सातीचं, पडदा आणि कपडे पिकासोचे. पडदा केवढा? सुमारे दहा मीटर उंच आणि सोळा मीटर रुंद. सातीच्या संगीतात टाइपरायटर आणि पिस्तूल ही वाद्यं! कथा मात्र आपल्या मार्केटिंगवाल्यांनी जरूर ऐकावी अशी : सर्कसवाले तंबूबाहेर लोकांना नमुना दाखवतात, लोकांना वाटतं हाच शो, आणि आत कुणी जातच नाही.

यात 'मॅनेजर' नावाची पात्रं होती. पिकासोने त्यांना जवळजवळ तीन मीटर उंचीचे क्युबिस्ट सांगाडे घातले. मॅनेजर माणसापेक्षा मोठा, अंगावर गगनचुंबी इमारत, हातात भोंगा आणि हालचालीला जड. यावर मी काही कॉमेंट करत नाही, तुम्हीही ऑफिसात करू नका. कारण शब्द महागात पडतात. एका समीक्षकाने 'पराद'ला झोडपल्यावर सातीने त्याला शिवीगाळ करणारी पत्रं धाडली, तीही उघड्या पोस्टकार्डांवर. पोस्टमनपासून वॉचमनपर्यंत कुणीही वाचावं. आजच्या भाषेत, 'रिप्लाय ऑल' दाबलं. समीक्षक कोर्टात गेला आणि सातीला आठ दिवसांच्या कैदेची शिक्षा झाली. ती प्रत्यक्ष भोगावी लागली नाही, हे नशीब.

झुरिकमधली डाडावाल्यांची कथा बहुतेकांनी ऐकलेली असते, म्हणून तिच्यातलं एवढंच सांगतो : १९१६ च्या जूनमध्ये ह्यूगो बाल निरर्थक ध्वनींची कविता म्हणायला 'कॅबरे व्होल्तेर'च्या स्टेजवर आला. म्हणजे आला नाही, त्याला उचलून आणावं लागलं. पुठ्ठ्याच्या नळकांड्यांत त्याचे पाय असे अडकले होते की चालताच येईना.

इथे माझी जरा तक्रार आहे. मालेविचचे नट पुठ्ठ्यात, पिकासोचे नाचणारे सांगाड्यात, बालला तर चक्क उचलून आणलेला. चित्रकाराला नट म्हणजे चालतं-बोलतं चित्र वाटतो, आणि चित्राला घाम येत नाही, दम लागत नाही. ही सगळी नाटकं फोटोत झकास दिसतात. पण त्यात काम करणाऱ्याला काय वाटत असेल? नाटक शेवटी त्याच्या जिवावर चालतं ना! कुणीतरी चित्रकार असा हवा होता, जो स्टेज मोकळं करेल पण नटाला मोकळं ठेवेल.

ती मिळाली. तिचं नाव ल्यूबोव पोपोवा.

माझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तिच्या सेटचा फोटो वॉलपेपर म्हणून आहे. ब्लॅक अॅण्ड व्हाइट. येणारा-जाणारा विचारतो, "हे काय, सोसायटीच्या गार्डनमधली घसरगुंडी का?" अंदाज फार चुकलेला नसतो. त्यात खरंच घसरगुंडी आहे. जिने आहेत, लाकडी चौकटी आहेत, गिरक्या घेणारी दारं आहेत आणि मागे तीन मोठी चाकं. मॉस्को, २५ एप्रिल १९२२. नाटक 'उदार नवरा' म्हणता येईल असं एक बेल्जियन फार्स, क्रोमलिंक या नाटककाराचं. दिग्दर्शक व्सेवोलोद मेयरहोल्ड.

पोपोवा मूळची चित्रकार. १९१२ मध्ये पॅरिसला जाऊन क्युबिझम शिकून आलेली. रशियन क्रांतीनंतर तिला आणि तिच्या मित्रांना वाटायला लागलं, की भिंतीवर टांगायची चित्रं पुरे झाली. आता लोकांच्या हाताला लागेल असं काही करू. या विचाराला कन्स्ट्रक्टिव्हिझम म्हणतात. तिने मेयरहोल्डला चित्र दिलंच नाही, एक यंत्र दिलं. मागचा पडदा काढून टाकला. थिएटरची विटांची भिंत उघडी. विंगा गायब. नटांना राजा-राणीचे कपडे नाहीत, सगळ्यांना कामगाराचे सैलसर निळे डगले. नाटकातला नवरा हा गिरणीवाला आहे आणि बायकोवरच्या संशयाने वेडा होत जातो. पण स्टेजवर गिरणी कुठेच 'दाखवलेली' नाही. फक्त ती चाकं आहेत : लाल, पांढरं आणि काळं. नवऱ्याच्या डोक्यात संशय चढला की चाकं फिरायला लागतात. जास्त चढला की जास्त जोरात.

बघा ना, सेट आता जागा दाखवत नाही, डोक्यात काय चाललंय ते दाखवतो. आणि नट? तो घसरगुंडीवरून खाली येतो, जिने चढतो, दारातून उडी मारतो. मेयरहोल्ड नटांकडून कसरतपटूंसारखी शरीराची तालीम करून घ्यायचा, त्या तालमीला तो 'बायोमेकॅनिक्स' म्हणायचा. इल्यिन्स्की आणि बाबानोवा या दोघांनी त्या लाकडी सांगाड्यावर जी धमाल केली, तिने दोघांचंही नाव झालं. सांगाडा कुठेही उचलून नेता यावा, थिएटर नसलेल्या जागीही उभा राहावा, अशी मेयरहोल्डची इच्छा होती. पुठ्ठ्यातला माणूस बाहेर आला होता. दोन वर्षांनी, मे १९२४ मध्ये, पोपोवा स्कार्लेट फीव्हरने गेली. तिचा लहान मुलगा त्याच तापाने काही दिवस आधी गेला होता. ती होती पस्तीस वर्षांची.

शुक्रवारी माझ्या कलीगने जी शिडी आणि जे दोन ठोकळे पाहिले, त्यांचं गोत्र मला पोपोवाच्या त्या सांगाड्यात दिसतं. स्विचबोर्डवाली उघडी भिंतसुद्धा तिथलीच.

आता तो नेहमीचा प्रश्न : "पण हे सामान्य माणसाला कळतं का?"

हा प्रश्न साधा वाटतो. आमच्या ऑफिसात तर तो धर्मच आहे. स्लाइड बघितल्यापासून पाच सेकंदांत कळली पाहिजे, नाहीतर बॉस पुढची मागवतो. स्लाइडच्या बाबतीत बॉसचं बरोबर आहे, तिने कळावं यासाठीच आपल्याला पगार मिळतो. पण १९३० च्या दशकात हाच प्रश्न दोन सरकारांनी कलावंतांना विचारला.

जर्मनीत ऑस्कर श्लेमर हा बाउहाउसमधला चित्रकार. त्याचा 'ट्रायाडिक बॅले' १९२२ चाच, पोपोवाच्या नाटकाच्या वर्षीचा. गोल, शंकू आणि चकत्यांचे कपडे घातलेले नाचणारे. १९३७ मध्ये नाझींनी म्युनिकला 'ऱ्हासग्रस्त कला' नावाचं प्रदर्शन भरवलं, लोकांनी येऊन हसावं म्हणून. त्यात श्लेमरची चित्रं होती. शिकवण्याची नोकरी त्याआधीच गेली होती. अखेरच्या वर्षांत तो एका रंगाच्या कारखान्यात कामाला होता, १९४३ मध्ये गेला.

मेयरहोल्डची कथा याहून वाईट. डिसेंबर १९३७ मध्ये 'प्राव्दा'त लेख आला, मथळा 'परकं थिएटर'. लोकांना न कळणारं, लोकांपासून तुटलेलं, असा एकूण सूर. जानेवारी १९३८ मध्ये त्याचं थिएटर बंद केलं गेलं. सगळ्यांनी पाठ फिरवलेली असताना त्याला काम दिलं कुणी? स्टानिस्लाव्हस्कीने. वास्तववादी अभिनयाचा महागुरू, ज्याची पद्धत झिडकारून मेयरहोल्ड तरुणपणी बाहेर पडला होता, त्याने म्हातारपणी आपल्या ऑपेरा थिएटरात त्याला जागा दिली. वास्तववाद विरुद्ध प्रयोग असं भांडण लावणाऱ्यांना मी ही गोष्ट नेहमी सांगतो. पण स्टानिस्लाव्हस्की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारला आणि छत्र गेलं. जून १९३९ मध्ये मेयरहोल्डला अटक झाली. पुढच्याच महिन्यात त्याची पत्नी, अभिनेत्री झिनाइदा राइख हिला मॉस्कोतल्या घरात भोसकून मारलं. तुरुंगात साठी उलटलेल्या त्या माणसाला पालथं पाडून मारहाण झाली; त्याने स्वतः मंत्र्याला लिहिलेल्या पत्रात ते नोंदवलंय. २ फेब्रुवारी १९४० रोजी त्याला गोळी घातली. १९५५ मध्ये सरकारने तो निर्दोष होता असं जाहीर केलं.

त्याचे कागद वाचले कसे? त्याच्या सावत्र मुलीने ते सर्गेई आयझेनस्टाइनकडे पोचवले. हो, 'बॅटलशिप पोतेमकिन'वाला. तो मेयरहोल्डचा विद्यार्थी. ज्याचं नाव घेणंही धोक्याचं होतं, त्या गुरूची टिपणं त्याने आपल्या गावाकडच्या घरात लपवून ठेवली. माझ्या वॉलपेपरमधल्या सेटमागची ही गोष्ट. घसरगुंडीबद्दल विचारणाऱ्यांना मी ती सांगतो. काही जण चहा विसरून ऐकतात, काही जण मीटिंग आहे म्हणून सटकतात.

ही हवा मुंबईत कशी आली, तेही सांगायला हवं. तिचं एक दार इब्राहिम अल्काझी. १९२५ मध्ये पुण्यात जन्मलेले, लंडनच्या 'राडा'त नाटक शिकलेले, स्वतः चित्रकार. परत आल्यावर १९५० च्या दशकात त्यांनी मुंबईत एकीकडे नाटकं केली आणि दुसरीकडे आधुनिक कला म्हणजे काय ते लोकांना दाखवायला प्रदर्शनं भरवली. वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये एका छपराखाली त्यांचं थिएटर युनिट होतं, हुसेन आणि गायतोंडे यांचे स्टुडिओ होते, पंडित रविशंकर होते. तिथे चहा प्यायला नुसतं टेकलं तरी माणूस शहाणा होऊन बाहेर पडत असेल! या अल्काझींच्या हाताखाली शिकल्या विजयाबाई मेहता. १९६० मध्ये त्यांनी तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू यांच्याबरोबर 'रंगायन' उभी केली. आयनेस्कोचं 'द चेअर्स' त्यांनी मराठीत 'खुर्च्या' म्हणून केलं. एक म्हातारा, एक म्हातारी आणि न दिसणाऱ्या पाहुण्यांसाठी मांडत गेलेल्या रिकाम्या खुर्च्या. बस्स, एवढाच ऐवज. मग सत्तरच्या दशकात 'आविष्कार'ने दादरच्या छबिलदास शाळेचा हॉल घेतला आणि मराठी प्रायोगिक नाटकाला हक्काचा पत्ता मिळाला. शाळेचा हॉल म्हटल्यावर राजवाड्याचा पडदा कुठे टांगणार?

यावर माझ्या कलीगने एक फार चांगला प्रश्न काढला. "म्हणजे आपल्याकडे आधीपासून होतं, मध्ये पडद्यांच्या नादात आपण विसरलो आणि मग फिरून लंडन-पॅरिसमार्गे परत आणलं?" पूर्ण खरं नाही, पण बरंचसं खरं. नुसतं परत आणलं असतं तर मजा नव्हती. १९७४ च्या 'महानिर्वाण'मध्ये सतीश आळेकरांचा मेलेला भाऊराव उठून कीर्तन लावतो, तेव्हा ते पॅरिसचंही नसतं आणि देवळातलंही नसतं. ते नारायण पेठेतलं काहीतरी भलतंच असतं.

आणि एक झाड राहिलं.

बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' १९५३ मध्ये पॅरिसला पहिल्यांदा झालं. सेट काय, तर एक रस्ता आणि एक झाड. बेकेट चित्रांचा वेडा होता. तरुणपणी महिनोन् महिने जर्मनीतली म्युझियम्स पालथी घालत हिंडलेला. चंद्राकडे बघत उभ्या असलेल्या दोन माणसांचं एक जुनं जर्मन चित्र, कास्पर डाव्हिड फ्रीडरिशचं, हेच 'गोदो'चं मूळ, असं त्याने पुढे सांगितलं. १९६१ मध्ये पॅरिसच्या ओदेऑन थिएटरात नाटक पुन्हा उभं राहिलं, तेव्हा झाड करायला त्याने मित्राला बोलावलं. मित्र म्हणजे शिल्पकार अल्बेर्तो जाकोमेत्ती. काडीसारखी बारीक, उंच माणसं घडवणारा. त्याने प्लास्टरचं झाड केलं. मग दोघे रात्रभर त्या झाडाशी खेळत बसले. जरा उंच करू का? नको, बुटकं बरं. ही फांदी बारीक करू? जाकोमेत्तीनेच पुढे सांगितलंय, की दोघांनाही ते काही केल्या बरोबर वाटेना, आणि दोघंही एकमेकांना म्हणत होते, कदाचित.

ते झाड पुढे हरवलं, आता फोटो तेवढे उरलेत. नाटकाच्या दुसऱ्या अंकात त्या झाडाला पानं फुटलेली दिसली पाहिजेत, असं बेकेटने लिहून ठेवलंय. फार नाही, चार-दोनच. ती लावायचं काम अर्थातच बॅकस्टेजवाल्यांचं, अंधारात, प्रेक्षक चहा पीत असताना.